कर्नलसाहेब पुरीला हात लावत नाहीत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, म्हणजे पुढे मध्येच चहाचा ठसका लागायला नको. मी आजवर तुम्हाला पुष्कळ गोष्टी सांगितल्या आणि त्यातल्या निम्म्या खोट्या होत्या, हे तुम्हालाही माहीत आहे. ही मात्र खरी आहे. खोटी असती तर मी तिच्यात स्वतःला इतकं मूर्ख कशाला केलं असतं?

फ्रेंच माणसांबद्दल मला सगळं माहीत होतं. म्हणजे अगदी सगळं. फ्रेंच माणूस आंघोळ करत नाही, अत्तर मारतो. फ्रेंच माणूस काम करत नाही, संप करतो. फ्रेंच माणूस लढत नाही, शरण येतो, आणि तेसुद्धा जेवणाच्या सुट्टीनंतर. आता हे ज्ञान मी कुठून मिळवलं म्हणाल, तर टेक्सासमधून.

डॅलसजवळच्या प्लेनोत आमच्या ऑफिसात डग नावाचे एक गृहस्थ आहेत. फ्रान्स या विषयावर त्यांचा मोठा अधिकार. हे डग आयुष्यात दोनदा टेक्सासच्या बाहेर गेलेत, दोन्ही वेळा शेजारच्या ओक्लाहोमात, आणि त्यातही एकदा हायवेचा एक्झिट चुकला म्हणून. त्यांचं म्हणणं असं, की फ्रेंच सैनिकाला डावं-उजवं शिकवायच्या आधी 'हात वर' शिकवतात आणि गणवेशासोबत इस्त्री केलेला पांढरा रुमाल देतात. एका लढाईत फ्रान्सने साथ दिली नाही म्हणून या देशातल्या काही थोरांनी बटाट्याच्या फ्राइजच्या नावातला 'फ्रेंच' काढून टाकला होता, ते डग अजून अभिमानाने सांगतात. बटाट्यावर सूड उगवणारी ही माणसं, आणि मी पुण्याचा डबल ग्रॅज्युएट यांच्याकडून जगाचा इतिहास शिकत होतो.

बरं, शिकून गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी ते सगळे विनोद मराठीत आणून मंडळाच्या गणपतीत, कोजागिरीला, कोणाच्याही मुंजीत सांगायचो. लोक हसायचे. लोक हसले की मला वाटतं आपलं बरोबर आहे. हा माझा जुना आजार.

शिवाय स्वतःचा अनुभव होता ना. एकदा पॅरिसमध्ये आठ तासांचा लेओव्हर होता. मी शहरात गेलो, एका कॅफेत शिरलो, वेटरला बोट दाखवून "वन कॉफी" म्हणालो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याच्या आजीचा मुका मागितलाय. पाऊण तास कॉफी आली नाही. पुढे सई म्हणाली, "बाबा, तुम्ही आधी हॅलो म्हणालात का?" आता पैसे देऊन कॉफी पिणाऱ्याने हॅलो कशाला म्हणायचं? पुण्यात आमच्या कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात मी वीस वर्षं चहा प्यायलो, कधी नमस्कार केला नाही.

तर ही सई म्हणजे माझी मुलगी. इथेच जन्मली, इथेच वाढली, आता सिएटलजवळ बॉथेलला एका बायोटेक कंपनीत असते. या पोरीला सगळं जग मोकळं होतं. गुजराती आणला असता, तमिळ आणला असता, टेक्सासचा गुराखी आणला असता तरी मी एक वेळ टोपी घालून वरातीत नाचलो असतो. तिने आणला ल्यूक. लॅबमधला फ्रेंच.

मुलगा तसा चांगला. उंच, अबोल, माझ्या बायकोच्या, मंजिरीच्या, हातची आमटी दोनदा मागून घेणारा. म्हटलं, असेल एखादा अपवाद. मग सईचा फोन आला. ल्यूकचे आईवडील अमेरिका बघायला येतायत, पहिला मुक्काम डॅलसलाच ठेवलाय, शनिवारी दुपारी आपल्याकडे जेवायला येतील, आम्ही दोघं सकाळच्या फ्लाइटने पोचतो. वडील आर्मीत कर्नल होते, रिटायर झालेत.

"कुठल्या आर्मीत?" मी विचारलं.

"बाबा, फ्रेंच माणूस कुठल्या आर्मीत असणार?"

मी हसलो. दोन मिनिटं हसलो असेन. हसून झालं तेव्हा फोनवर कोणी नव्हतं.

दहा मिनिटांनी तिने आईला फोन केला, आणि आईने मला समोर बसवून निकाल वाचून दाखवला. ल्यूकचं आणि सईचं लग्नाचं ठरलंय. परवानगी कोणी कोणाची मागत नाहीये. पण ल्यूकचा वडिलांवर फार जीव, आणि पहिल्याच भेटीत सईच्या माणसांचा अपमान झाला, किंवा सईच्या माणसांनी त्यांचा केला, तर पोरीला जन्मभर सासरी अवघडून वावरावं लागेल. तेव्हा तीन गोष्टी बंद. शरणागतीचे विनोद बंद. आंघोळीची चौकशी बंद. पॅरिसच्या वेटरची गोष्ट बंद.

"मग मी बोलू काय?"

"काही बोलूच नका," मंजिरी म्हणाली. "अहो, एक दुपार. माझ्या एकुलत्या एका मुलीसाठी एक दुपार तुम्हाला शहाण्यासारखं वागता येणार नाही?"

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे एवढंच मागितलं होतं, असं नाही. पण डोळ्यांत पाणी आणून मागितलेलं हे पहिलंच.

शनिवार उजाडला. मंजिरी दोन दिवस राबत होती. श्रीखंड, बटाट्याची भाजी, मसालेभात, अळूवडी, दोन कोशिंबिरी, आणि गरम पुऱ्या. पुऱ्यांबद्दल तिचं मत पक्कं आहे. पुरी कढईतून थेट ताटात. मध्ये टेबल-बिबल काही नाही. सकाळी नऊला सईचा फोन आला की फ्लाइटला तीन तास उशीर आहे. आता तुम्हीच सांभाळा, आमच्यासाठी थांबू नका, जेवायला बसा, आणि बाबा, प्लीज, फक्त हवेवर बोला.

बोलावलं होतं साडेबाराला. साडेबारा वाजले, पावणेएक झाला, कोणी नाही. मी मंजिरीला म्हटलं, बघ, जेवणाच्या लढाईलासुद्धा वेळेवर येत नाहीत. एकला दहा कमी असताना बेल वाजली. पुढे कळलं, त्यांच्याकडे घरी बोलावल्यावर पंधरा-वीस मिनिटं उशिरा जाणं हीच रीत. घरच्या बाईला हातातलं काम आवरायला उसंत मिळावी म्हणून. हे मला तेव्हा माहीत असतं, तर ही गोष्टच घडली नसती.

दारात कर्नल आणि त्यांच्या पत्नी मार्तीनबाई. कर्नल म्हणजे ताठ, पांढरे केस बारीक कापलेले, इस्त्रीची घडी अशी की बोट कापेल. मार्तीनबाई छोट्याशा, हातात फुलं. मी लांबूनच नमस्कार केला. बाई तशाच पुढे आल्या आणि माझ्या दोन्ही गालांना गाल लावून मोकळ्या झाल्या. बायकोसमोर. मी गारठलो, पण तेवढ्यात एक काम उरकून घेतलं. वास घेतला. साबणाचा छान मंद वास येत होता. माझ्या अंगाला मात्र सकाळपासून हिंगाच्या फोडणीचा येत होता. पण हा पुरावा मी नोंदवून घेतला नाही. आपल्या मताविरुद्धचा पुरावा कोण नोंदवून घेतो?

टेबलावर तीन ताटं वाढलेली. वाढायला मंजिरी, जेवायला मी आणि पाहुणे, आपल्याकडे असतंच तसं. कर्नल बसले, बाई बसल्या, आणि दोघांनी दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेवर ठेवली. हात मांडीवर नाहीत, ताटाकडे नाहीत. मुठी टेबलावर. बॉक्सिंगची घंटा व्हायच्या आधी बसतात ना, तसे.

मंजिरी पहिला घाणा घेऊन आली. टम्म फुगलेल्या पुऱ्या. ती येताना दिसली आणि कर्नल ताडकन उभे राहिले.

मला वाटलं, निघाले. अजून घासही खाल्ला नाही आणि माघार? मी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि "सिट, सिट" म्हणत त्यांना खाली दाबलं. मंजिरीने प्रत्येकाला दोन-दोन पुऱ्या वाढल्या, "गरम आहेत, घ्या," म्हणाली आणि वळली.

दोघं तिच्याकडे बघून गोड हसले. पुरीकडे बघून हसले. आणि बसून राहिले.

मी म्हटलं, प्लीज, स्टार्ट.

कर्नल म्हणाले, "वी वेट. नो प्रॉब्लेम."

आता मला काय वाटणार? मुलासाठी थांबलेत. मी समजावलं, मुलांच्या फ्लाइटला उशीर आहे, अडीच वाजतील. ते म्हणाले, हो, माहीत आहे, बिचारी मुलं. आणि बसून राहिले.

पुऱ्या बसल्या. पुरी बसली की किती केविलवाणी दिसते, हे तुम्हाला सांगायला नको. मंजिरी दुसरा घाणा घेऊन आली, कर्नल पुन्हा ताडकन उभे, मी पुन्हा "सिट, सिट". तिने ताटं पाहिली. तिचा चेहरा पडला, पण ती सुगरण आहे, हार मानत नाही. थंड झाल्या म्हणून खात नसतील, असं तिला वाटलं. तिने त्यांच्या ताटातल्या चार गार पुऱ्या उचलून माझ्या ताटात टाकल्या आणि त्यांना नव्या वाढल्या.

अन्न टाकायचं नाही, ही आमच्या घरची शिकवण. मी खाल्ल्या.

तिसरा घाणा आला. कर्नल उभे, मी दाबलं, चार पुऱ्या माझ्या ताटात. मी खाल्ल्या. मध्येच मार्तीनबाई उठून किचनकडे निघाल्या. मंजिरी कढईपाशी होती, ती झारा हातात घेऊनच दारात आडवी आली. पाहुणीने किचनमध्ये? आमच्या घरात? हात धरून तिने त्यांना परत खुर्चीवर आणून बसवलं. म्हणजे एव्हाना आम्ही नवराबायको मिळून त्या दोघांना खुर्चीवर दाबून ठेवायचं काम करत होतो.

मग मी डोकं चालवलं. मला वाटलं, काटे-चमचे नाहीत म्हणून अडलं असेल. काटे दिले, सुऱ्या दिल्या. थँक यू म्हणाले, ताटाच्या दोन्ही बाजूंना सरळ रेषेत मांडून ठेवल्या, बसून राहिले. मला वाटलं, ब्रेड लागत असेल. फ्रिजमधला स्लाइसचा ब्रेड भाजून आणला. बाईंनी त्या ब्रेडकडे ज्या करुणेने पाहिलं, तशी करुणा मी आजारी जनावराकडे बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाहिलीय. वाइन काढली. कर्नलनी बाटली हातात घेऊन चष्मा लावून लेबल वाचलं, चष्मा काढला. पेला भरू दिला. प्यायले नाहीत.

"अँड मादाम?" बाईंनी एकदा विचारलं.

"मादाम किचन," मी सांगितलं. "मादाम हॅपी इन किचन."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

आता माझं डोकं तापायला लागलं होतं. दीड वाजून गेला होता. हातांनी खायची लाज वाटते का या लोकांना? म्हटलं, शिकवावं. मी पुरीचा तुकडा मोडला, भाजी उचलली, हवेत जरा धरून दाखवली, विमान उतरवतात तशी तोंडात घातली. "लाइक धिस. ईझी." दोघांनी मान डोलावली. फार लक्ष देऊन बघितलं. मी दुसरा घास दाखवला, तिसरा दाखवला. असं शिकवता शिकवता माझ्या पोटात सोळा पुऱ्या गेल्या होत्या आणि विद्यार्थी कोरडेच.

आतून भांड्यांचा आवाज वाढला होता. मंजिरी पुऱ्या तळत होती की भांडी आपटत होती कळेना. आणि मग माझा ताबा सुटला. अळूवडी चावता चावता मी हसत हसत म्हणालो, की कर्नलसाहेब, फ्रेंच सैन्याने आजवर कोणाला इतका वेळ टक्कर दिली नसेल.

झालं. बंदी घातलेला विनोद तोंडातून गेला. मार्तीनबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. कर्नलनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि एकेक शब्द निवडत म्हणाले, "नाही. मी आफ्रिकेत एकदा वाळवंटात तीन दिवस जेवणाची वाट पाहिली आहे." मग माझ्या ताटाकडे पाहिलं. "पण तिथे कोणीच जेवत नव्हतं."

टोला किती जोरात बसला, हे मला कळलं नाही. सोळा पुऱ्या पोटात असल्या की मेंदूला रक्त कमी पोचतं. मी त्यांना कोशिंबीर हवी का विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. सई. विमान उतरलं होतं. मी फोन घेऊन हॉलमध्ये गेलो आणि सगळी तक्रार एका दमात ओकली. हे लोक माजोरडे आहेत, तासाभरात एका घासाला हात लावला नाही, तुझी आई तिकडे रडकुंडीला आलीय, आणि तो म्हातारा आई येताना दिसली की दर वेळी उठून पळायला बघतो.

सई म्हणाली, "बाबा, आई कुठे बसलीय?"

"बसलीय? ती पुऱ्या तळतेय."

"तिचं ताट मांडलंय?"

"तिचं ताट कशाला? ती मागून बसेल. नेहमीसारखी."

"ओ माय गॉड. बाबा. ते आईसाठी थांबलेत. घरची बाई बसून पहिला घास घेत नाही, तोवर पाहुणा जेवत नाही. ते पळत नाहीयेत बाबा, ती आली की ते उठून उभे राहतायत. तिच्यासाठी."

"मग सांगायचं ना तोंडाने!"

"दुसऱ्याच्या घरातल्या बाईला 'आता बस' म्हणून ऑर्डर द्यायची? रूड दिसतं ते." मग जरा दबक्या आवाजात तिने विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

मी फोन ठेवला. पोटावरून हात फिरवला.

किचनमध्ये गेलो. मंजिरी ओट्याला टेकून पदराने डोळे पुसत होती. म्हणाली, माझ्या हातचं त्यांना चालत नाही हो, पोरीचं कसं व्हायचं. शेजारी परातीत लाटलेल्या पुऱ्या, कढईत तेल तापलेलं. ज्या माणसांच्या वागणुकीवर मी वीस वर्षं टाळ्या घेतल्या, ती माणसं हिच्यासाठी तासभर उपाशी बसली होती. आणि मी अठ्ठावीस वर्षांत हिच्यासाठी एक पुरी थांबलो नव्हतो. साधं कधी सुचलंच नव्हतं. हे मी तिला असं बोलून दाखवलं नाही, तेवढा मी धीट नाही. मी म्हटलं, "चल, तू बस. ते तुझ्यासाठी थांबलेत."

"माझ्यासाठी? कशाला?"

"रीत आहे त्यांची."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "अहो, पण मी बसले तर पुऱ्या कोण तळणार?"

आम्ही दोघांनी किचनभर नजर फिरवली. तिसरं कोणी नव्हतं.

झारा मी घेतला. मंजिरी बाहेर गेली. दारातून मला दिसलं, कर्नल उभे राहिले, आणि या वेळी त्यांना खाली दाबायला कोणी नव्हतं. त्यांनी तिची खुर्ची मागे ओढली. ती कशी बसावी ते न कळून अर्धीमुर्धी बसली. मार्तीनबाईंनी स्वतःचं ताट दोघींच्या मध्ये सरकवलं. मंजिरीने लाजत श्रीखंडाचं बोट चाटलं, आणि मंडळी, ते दोघं ज्या वेगाने जेवणावर तुटून पडले, तो वेग बघता फ्रेंच सैन्याबद्दल डगला एक सविस्तर ईमेल पाठवावी लागेल. सुऱ्या-काटे बाजूला. हातांनी. माझ्या शिकवणीप्रमाणे.

मी तळत होतो. माझी पहिली पुरी फुगली नाही. दुसरी काळी झाली. तिसरीची कडकणी झाली. तेल मनगटावर उडालं. कर्नलनी सगळ्या खाल्ल्या, एकही परत आली नाही. बाहेरून हसण्याचे आवाज येत होते. मंजिरी मोडक्या इंग्रजीत श्रीखंडाची कृती सांगत होती आणि बाई कागदावर लिहून घेत होत्या. अठ्ठावीस वर्षांत ती माझ्याशी सलग इतकं बोलली नसेल. बहुतेक मी ऐकलं नसेल.

पोरं तीनला आली. चहा झाला, फोटो झाले, संध्याकाळी सई आणि ल्यूक त्यांना हॉटेलवर सोडून आले. मी आणि मंजिरी सोफ्यावर, निकालाची वाट बघत.

"काय म्हणाले गं?" मंजिरीने विचारलं.

"आई, दे लव्ह यू. पुढच्या जूनमध्ये त्यांच्या गावी लग्न करायचं म्हणतायत. आणि जेवणाला तुला कर्नलच्या शेजारी बसवणार आहेत."

मंजिरीने डोळे मिटून हात जोडले. माझाही जीव भांड्यात पडला. पण माणसाला तेवढ्यावर कुठे समाधान असतं? मी घसा खाकरला.

"आणि माझ्याबद्दल?"

सईने ल्यूककडे पाहिलं. ल्यूकने छताकडे पाहिलं.

"तुमच्याबद्दल त्यांनी एकच विचारलं बाबा. तुम्ही कधी आर्मीत होतात का."

माझी छाती अशी फुगली, की दुपारची एकही पुरी फुगली नसेल. म्हटलं, शेवटी लष्करी माणसाची नजर! माझी चाल, माझ्या मिशा, संकटात झारा हातात घेणं, हेरलं असणार त्यांनी. "मग? तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, नाही. आयटीत आहेत."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, बरं झालं. नाहीतर इंडियन आर्मीबद्दलचं मत बदलावं लागलं असतं."